बंधाऱ्यातली वाट

८ जुलै
स्वयंपाकघरात पुन्हा घोट्याएवढं खारं पाणी. दुपारच्या उधाणाला मागच्या दारातून आलं, बोलावल्यासारखं. तांदळाचं पिंप स्टुलावर, सिलिंडर ओट्यावर. सासूबाई कॉटवर पाय वर घेऊन बसलेल्या, हातात रोझरी. "मी लगीन होऊन आली तवा दर्या माडांच्या पलीकडं होता." ते माडही आता दर्यातच गेले.
शाळेत हवामान बदल सप्ताह. पोरांनी तापलेल्या पृथ्वीच्या तोंडात थर्मामीटर काढला. एकीने विचारलं, "टीचर, मनोरीत तुमच्या घरात पाणी येतं?" म्हटलं, निळा रंग नीट भर.

११ जुलै
बंधारा मंजूर! इंजि. साहेब भर पावसात पाहणीला येऊन गेले. मी शाळेत. नवरा, जेकब, घरीच; पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणून जाळी शिवत बसलेला. साहेबांनी विचारलं, बोटींसाठी दगडांत एक वाट सोडायची आहे, बोटी कुठे आहेत? जे.ने छत्री धरून नेलं, बोटी दाखवल्या. साहेबांनी तिथे लाल रंगाची खूण केली, घरी येऊन चहा घेतला, तळलेले सुके बोंबील खाल्ले.
"माणूस चांगला हाय. आपलं ऐकून घेतलं," जे. म्हणाला. मीही खूश. नवऱ्यावर खूश झाल्याचा दिवस आहे, म्हणून लिहून ठेवलं.

२४ नोव्हें.
दगडांचे ट्रक सकाळपासून. कपाटात धूळ, डाळीत धूळ. सासूबाईंचा खोकला वाढलाय, पण तक्रार नाही. दारात खुर्ची टाकून एकेक दगड पडताना बघतात. त्यांनी स्वयंपाकघरातल्या कपाटाखालच्या विटा काढायला लावल्या. म्हणे आता कशाला पाहिजेत.

९ डिसें.
वाट कुठे सोडली ते आज कळलं. क्रुसाजवळ!
क्रुसाजवळ बोटी फक्त पावसाळ्यात असतात. बंदी लागली की एका मोठ्या उधाणाला अख्खं गाव दोर धरून त्या तिथे वर ओढतं आणि ताडपत्री घालून ठेवतं. खाली नुसता खडक. एरवी तिथे बोट लावणारा शहाणा मी पाहिलेला नाही. बाकी वर्षभर बोटी लागतात आमच्या घरासमोरच्या वाळूत. गावातलं शेंबडं पोरही हे सांगेल. पण साहेब आले जुलैत.
"त्यांनी विचारलं, बोटी कुठं हायत. मी सांगितलं," जे. म्हणाला.
"अरे पण वर्षभर कुठे लागतात ते?"
"ते कुठं विचारलं?"
धन्य. जेवढा प्रश्न तेवढंच उत्तर. ह्याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. मी भाकरीचं पीठ इतकं मळलं की सासूबाई म्हणाल्या, त्याचा काय दोष?

१४ डिसें.
मिस्सानंतर चर्चबाहेर सगळे बोटवाले जे.भोवती. "दाखवणारा तूच ना?" जुलैत ह्यांच्यातला एकही पावसात बाहेर आला नव्हता, ते कोण बोलणार? मी बोलले. बरंच बोलले. फादर घाईघाईने आत गेले.

१८ डिसें.
अर्धी रजा टाकून बोरिवलीच्या ऑफिसात. साहेब तरुण, नम्र. ओरडावं तर ओरडताही येत नाही.
"मॅडम, जागा तुमच्याच मिस्टरांनी दाखवली."
"तुम्ही जुलैत का आलात?"
"समुद्र घरात जुलैत येतो ना. पाणी कुठपर्यंत येतं ते बघायला जुलैतच यावं लागतं."
बरोबर आहे! हेच तर. सगळ्यांचंच बरोबर आहे आणि वाट खडकावर. साहेबांनी येऊन बघायचं कबूल केलं. पाणी प्यायला दिलं, मी घेतलं नाही. मग मनोरीच्या बोटीसाठी मार्वेला येईपर्यंत घसा सुकला.

२३ डिसें.
बंधारा आमच्या घरापुढे आला. वाळू दिसेनाशी झाली. आज भरतीला जे.ची बोट लाटेने दगडावर आपटली, पुढची फळी तडकली. नाताळच्या नेवऱ्यांत सारण भरता भरता आवाज ऐकला. धावले. जे. पाण्यात उभा राहून फळीवरून हात फिरवत होता. मी ओरडायचं ठरवून गेले होते. पाण्यात उतरून बोटीची दुसरी बाजू धरली.
जे.चा चुलतभाऊ म्हणतो, मालाडला टॉवरमध्ये वॉचमनची जागा आहे, बोट विकून टाक. जेकब आणि वॉचमन! चोर आत शिरले का, असं कोणी विचारलं तरच सांगेल. हसले, मग रडूच आलं. बोटीशिवाय हा माणूस मला माहीतच नाही.

२८ डिसें.
साहेब शब्दाला जागले, आले. ओहोटीला किनारा चालून पाहिला. म्हणाले, मॅडम, बाकी सगळीकडे खाली खडक आहे. वाट काढता येईल ती फक्त तुमच्या घरासमोर. पण वाट म्हणजे भोक. पावसाळ्यात उधाणाचं पाणी त्यातून सरळ तुमच्याकडे, पूर्वीपेक्षा जोरात. घरमालक हो म्हणाले तरच करीन, नाही तर उद्या तुम्हीच मला धराल. दगड उचलणारं यंत्र अजून दोन आठवडे गावात आहे, त्यानंतर काही होणार नाही.
घर सासूबाईंच्या नावावर.
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. थर्मामीटरवाल्या चित्रात हे कुठे काढायचं?

३० डिसें.
बोटवाल्यांची रीघ. आता सगळे गोड. "माय, तुमच्या हातात हाय." एकाने पापलेट आणलं. हाच मिस्सानंतर ओरडत होता. पापलेट ठेवून घेतलं.
सासूबाई सकाळी म्हणाल्या, "दर्या घरात आला तर पुसता येतो. जेकब दर्यावर नाय गेला तर करील काय?" ठरलं म्हणायचं. चहा झाल्यावर स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. जमीन कोरडी. "पन येक पावसाळा पाय खाली टाकून बसायचं होतं मना." मग माझ्याकडे बघून, "तू शिकलेली, तू सांग. तू सांगशील तसं करू."
वा. पाहणीला मी नव्हते, खूण मी दाखवली नाही, घर माझं नाही, बोट माझी नाही. निर्णय मात्र माझा.
जे.ला विचारलं, तुझं काय म्हणणं? "मायला ओल्यात ठेवू?" मग बोट विकतोस? इथे मात्र विचारूनही उत्तर नाही.

४ जाने.
काल दिवसभर राग धरला. साहेबांवर, जे.वर, पापलेटवाल्यावर. समुद्रावरही धरून पाहिला. आज राग उरलेला नाही, नुसती भीती आहे. वाट मागितली तर सासूबाई जुलैत पुन्हा कॉटवर पाय घेऊन बसतील आणि मला एक शब्द बोलणार नाहीत. नको म्हटलं तर जे.ही बोलणार नाही. ही माणसं भांडतील तर बरं.

६ जाने.
साहेबांचा निरोप: उद्या सकाळी यंत्र आमच्या बाजूला येतंय, हो की नाही ते सांगा.
शाळेतून आले तर जे. फळी बदललेल्या बोटीने दर्यावरून परत आलेला. बोट बंधाऱ्याबाहेर नांगरलेली, हा कमरेएवढ्या पाण्यातून डोक्यावर माशांची पाटी घेऊन बंधाऱ्यापर्यंत आला होता. दगड शेवाळायला लागलेत, पाटी घेऊन चढता येईना. साडी खोचून मी वरून उतरले. पाटीत बोय आणि थोडी मांदेली. त्याने पाटी वर उचलली, पण हात सोडेना.
"तू सांग फिला, मी ऐकीन. घर की बोट?"
मागून सासूबाईंनी हाक मारली, "काय म्हणतोय तो?"
"बोल ना," तो म्हणाला.
"आधी पाटी सोड," म्हटलं.