काकूने फक्त धरलं होतं

ताई,

मागच्या पत्रात मी लिहिलं की बाळाची धर्ममाता काकू झाली. ते चुकीचं आहे. लहानपणी स्वयंपाकघरात बसवून तू मला लिहायला शिकवायचीस, तेव्हा चुकलेली ओळ पुन्हा लिहायला लावायचीस. म्हणून पुन्हा लिहिते: काकूने बाळाला फक्त धरलं होतं. धर्ममाता तू आहेस.

ते पत्र टाकायला बाबा नेणार होते, आणि पाकीट उघडून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

बाप्तिस्म्याच्या दिवशी फादरांनी धर्ममातेचं नाव विचारलं, तेव्हा मी तुझं सांगितलं. पहिल्या बाकावर बाबा खाकरले. काकू हळूच म्हणाली, "तिच्या जागी मी उभी राहते. पण लवकर आटपा, तुमच्या भांडणाएवढे माझे गुडघे टिकायचे नाहीत."

फादरांनी विचारलं, "तिचा होकार आहे ना?"

मी हो म्हणाले. तुला विचारलंच नव्हतं, आणि तेव्हापासून माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "लग्न करून गेली ती गेली. या घरात पाय न ठेवणारी कसली धर्ममाता?"

"पाय ठेवू देतं कोण?" मी म्हटलं. बाळ खांद्यावर झोपलं होतं, म्हणून आवाज चढवला नाही.

हे पत्र मी टाकणार नाही, येताना हातानेच आणीन. तुला समोर बसून विचारायला हवं. नाही म्हणायचं असेल तर म्हण, पण माझ्या लेकीला मांडीवर घेऊन म्हण. बाबांना सांगूनच निघणार आहे.

शनिवारी, बारा तारखेला, सकाळच्या पहिल्या बसने येणारी,
तुझी धाकटी