तीसच्या बोर्डाखालची अँबॅसिडर

मंगळवार पेठ, कोल्हापूर
श्रावणातला शेवटचा सोमवार, २००७

निपाणीचे आमचे वडीलधारे मेव्हणे आण्णा यांस चन्नवीरचे शरणु शरणार्थी.

आपले गुडघे या पावसात कुरकुरत असतील, त्यांना माझा नमस्कार. वैनींनी साखर सोडल्याचं कळलं. साखरेनं वैनींना सोडलं का, ते कळवावं. इकडं मी ठीक आहे, आपली बहीण महादेवी माझ्यापेक्षा ठीक आहे, आणि आपण मला विकलेली पांढरी अँबॅसिडर आम्हा दोघांपेक्षा ठीक आहे. हे शेवटचं मुद्दाम लिहितो. कारण मागं महादेवीनं फोनवर ‘ही गाडी मोडीत घालायची’ असं आपल्याला सांगितलं आणि आपण ‘घाला की’ म्हणालात. (मी तिथंच बसलो होतो. पण आमच्या घरात फोन चालू असला की मी नसल्यासारखाच असतो.) मोडीत कशापायी, हे तिनं सांगितलं नसणार. म्हणून मी सांगतो.

आमची सौंदर्या गडमुडशिंगीत दिली आहे, हे आपल्याला ठाऊकच आहे. दर सोमवारी आम्ही दोघं तिकडं जातो. तो रस्ता मध्यंतरी चांगला रुंद केला, गुळगुळीत केला, आणि मग पन्नासचा बोर्ड काढून तिथं तीसचा लावला. म्हणजे खड्डे होते तेव्हा पन्नास आणि खड्डे बुजले तेव्हा तीस. नुसता बोर्ड असता तर काही नव्हतं, बोर्ड वाचायची आपल्यात पद्धतच नाही. पण बाभळीच्या आड पोलिसांची एक गाडी उभी राहायला लागली आणि तिच्यात कॅमेरा. तुम्ही लांबून येताय तोवर तो तुमचा वेग मोजतो, फोटो काढतो, आणि पुढं हवालदार पावतीपुस्तक उघडून उभाच. सयाजीच्या पानपट्टीवर कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता. ‘रस्ता रुंद केला आन् वेग अरुंद केला, ह्येला काय अर्थ हाय का?’ असं टेम्पोवाला केरबा रोज ओरडायचा. तीसनं टेम्पो हाकला तर मेथीची जुडी मंडईत पोचेस्तोवर वाळवण होती, असंही त्याचं म्हणणं. त्यात खोटं काही नाही.

आता दुसऱ्या गावात हा वैताग वैतागच राहिला असता. पण आण्णा, हे कोल्हापूर. इथं दोघांना सर्दी झाली तरी कुणाची जास्त, यावर पैज लागते. केरबानं एकसष्टची पावती टेम्पोच्या काचेला आतनं चिकटवली. ते बघून सयाजी, ज्याला एरवी पानपट्टीतनं खाली उतरायचा कंटाळा, तो मुद्दाम मोटरसायकल घेऊन गेला आणि अडुसष्टची पावती घेऊन आला. तिला त्यानं चक्क गुलाल लावला. सरकारला शिव्या आणि पावतीला फ्रेम, असं दोन्ही एकदम चाललेलं. ज्याला पावती नाही त्यानं मान खाली घालून बसायचं. असा मी एकटाच उरलो. (ज्यांच्याकडं गाडीच नाही, त्यांना कुणी मोजत नव्हतं.) केरबा सगळ्यांदेखत म्हणाला, ‘शेट, उभ्या गाडीचा फोटो काढाय ते काय स्टुडिओवालं न्हाईत.’ अख्खा कट्टा पोट धरधरून हसला. नेमकी त्याच वेळी महादेवी दळण घेऊन समोरनं चालली होती.

ती जन्मानं निपाणीची, पण चाळीस वर्षं इथलं पाणी प्यायलेली. घरात येऊन तिनं पिठाचा डबा आपटला आणि म्हणाली, ‘श्रावण संपायच्या आत एक पावती आणा, न्हायतर गाडी मोडीत. पळत न्हाय ती गाडी दारात कशाला? चपला ठेवाय?’ त्यानंतरच तिनं आपल्याला फोन लावला.

आण्णा, मला त्या गाडीची माया आहे. सौंदर्याची पाठवणी तिच्यातनं केली, नातवाला दवाखान्यातनं घरी आणलं ते तिच्यातनंच. भंगारवाला तिच्यावर हातोडा घालतोय, हे मला बघवणार नाही. म्हणून पोलीस दिसला की सायकलवरनंसुद्धा उतरणारा मी, या वयात कायदा मोडायला निघालो.

ते काम वाटतं तितकं सोपं नाही. पहिल्या खेपेला उचगावपासनं गाडी रेटत आणली, तर बाभळीच्या बरोबर अलीकडं म्हशी. म्हशींना हॉर्न ऐकू येतो, पण पटत नाही. त्यांच्या मागनं मी कॅमेऱ्यासमोरनं इतका सावकाश गेलो की म्हशी माझ्याच समजून हवालदारानं दुधाचा भाव विचारला. पुढच्या सोमवारी रस्ता मोकळा सापडला. चपला काढून अनवाणी पायानं ॲक्सिलरेटर पार तळाला नेला. इंजिनाचा असा आवाज, स्टिअरिंग असं थरथरतंय, की मला वाटलं शंभर तरी गेली. (काटा म्हणाल तर तो आपण गाडी दिलीत तेव्हापासनं वीसवर बसून आहे. मी कधी बोललो नाही.) हवालदारानं हात केला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! काच खाली करून पावतीसाठी हात पुढं केला, तर त्यानं हातावर गुलाबाचं फूल ठेवलं. मशिनीत एकोणतीस आले होते. ‘आजोबा, तुमच्यासारखी मानसं पायजेत,’ असं म्हणून त्यानं पावतीसाठी थांबवलेल्या लोकांना माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. त्या लोकांत केरबा होता. आम्ही पेठेत परत येईपर्यंत कट्ट्यावर माझ्यासाठी हार तयार होता. महादेवीनं तो गुलाब वाटेतच खिडकीबाहेर भिरकावला होता.

आणि आज शेवटचा सोमवार. त्याच रस्त्यानं, त्याच बोर्डाखालनं आपली अँबॅसिडर गेली, आणि शिट्टी फुंकून फुंकून हवालदाराचे गाल दुखले. चौऱ्याहत्तर! सयाजीनं गुलालाचा पुडा गाडीवर रिकामा केला आणि केरबानं आपल्या हातानं नारळ फोडला. तेव्हा गाडी धडधाकट आहे, हे सरकारी मशिनीनंच सिद्ध केलं आहे. तरी आपला तो ‘घाला की’ आपण माघारी घ्यावा, एवढंच मागणं. वैनींना नमस्कार, नातवंडांना गालगुच्चे.

आपला पावणा,
चन्नवीर

ता.क. – गाडी चालवत कोण होतं, ते वर लिहायचं राहिलं. आपली बहीण. गुलाबाचा राग तिच्या डोक्यात होताच. आज निघतानाच ‘व्हा तिकडं’ म्हणून तिनं मला डावीकडं सरकवलं, पदर खोचला, आणि मला देवाचं नाव आठवेस्तोवर बाभूळ मागं गेली होती. लग्नाआधी तंबाखूच्या वखारीत आपणच तिला जीप शिकवली होती म्हणे. चाळीस वर्षांत एकदा तरी मला सांगायचं होतंत की, आण्णा! लायसन नाही म्हणून तिला त्याची पावती वेगळी मिळाली. दोन पावत्यांचा मान पेठेत तिचा एकटीचा. सयाजीनं तिला बसायला खुर्ची दिली. मी बत्तीस वर्षं त्याच्याकडं पान खातोय, मला कधी दिली नव्हती.

ता.क. दुसरा – म्हणजे गाडी आता मोडीत जात नाही. मोडीत मी निघालोय. किल्ली तिच्या कमरेला आहे, आणि ‘खोट गाडीत नव्हतीच, हाकणाऱ्यात हुती’ असं ती गिरणीत सांगून आली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

ता.क. तिसरा, आणि खरं काम हेच – ती उद्याच शिकाऊ लायसन काढायला निघाली आहे. शिकाऊ माणसाशेजारी पक्क्या लायसनचा माणूस बसावा लागतो, आणि घरात तसा मीच आहे. येत्या पौर्णिमेला आम्ही नृसिंहवाडीला जायचं, असं तिनं ठरवलंय. तरी त्याआधी ‘मला बरं नाही, चन्नवीरला धाडा’ असा आपण घरी एक फोन करावा. मी मिळेल त्या एसटीनं निपाणीला येतो.

किंवा राहू दे, फोन करू नका. भाऊ आजारी म्हटल्यावर तीच गाडी काढील, आणि निपाणीच्या हायवेला बोर्ड ऐंशीचा आहे.