तुझा सोलो लोकांनी कसा ऐकला

प्रिय इंगे,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा तुम्ही सगळे आयोवातल्या कुठल्यातरी शाळेच्या व्यायामशाळेत जमिनीवर अंथरुणं टाकून पडलेले असाल आणि कुणीतरी टपालाची पिशवी घेऊन एकेकाचं नाव पुकारत असेल. आमच्या वेळीही असंच होतं, फक्त तेव्हा पत्रं जास्त यायची आणि पोरं आंघोळी कमी करायची. शनिवारच्या स्पर्धेनंतर तू मला फोनवर फोन केलेस आणि मी एकही उचलला नाही. म्हातारा रुसला असं समजू नकोस. तुझा निरोप वाचला, परत परत वाचला. ‘आजोबा, खरं सांगा, माझा सोलो कसा झाला? तो मी वाजवायचा की कोल्बीने, हे रेन्फ्रो सर येत्या शनिवारी ठरवणार आहेत. तुम्ही वाईट म्हणालात तर मी आपणहून सोडते.’ एवढं मोठं ओझं माझ्या डोक्यावर ठेवून तू मोकळी झालीस. पुढच्या उन्हाळ्यात तू वाजवणाऱ्यांच्या या फिरत्या पथकाच्या वयात बसणार नाहीस, म्हणजे यंदा सोडलास तर तो सोलो कायमचा सुटला. असल्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देता येत नाही. तेव्हा सगळं सांगतो, पण माझ्या पद्धतीने, म्हणजे अगदी सुरुवातीपासून.

तुझ्या आईला इस्पितळात ड्यूटी होती, म्हणून मी आणि शेजारची आर्लिस असे दोघंच निघालो. आर्लिसने तिचं जुनं जॅकेट घातलं होतं. आमचं मिल टाउन पथक बंद पडून जमाना झाला, जॅकेटची बटणं लागायची थांबूनही तितकाच काळ झाला असेल, पण जून उजाडला की ते कपाटातून बाहेर येतंच. त्या पथकात ती निशाण नाचवायची आणि मी ड्रम बडवायचो. ‘तू नेहमी अर्धा ठोका पुढे असायचास,’ हे ती मला अजून ऐकवते. गाडीत बसल्यापासून तिचं तोंड सुरू होतं, आणि हल्ली ती सगळं वरच्या पट्टीत आणि माझ्या उजव्या बाजूने बोलते. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आम्ही मुद्दाम लवकर पोचलो. तिकीट न काढता जे फुकट मिळतं ते सगळ्यात चांगलं असतं, हे तुला सांगायला नको. पार्किंगमध्ये तुमचे ड्रमवाले गोल करून हात मोकळे करत होते आणि भोवती आमच्यासारख्यांचा गराडा. प्रत्येकाच्या एका हातात पावात घातलेलं सॉसेज आणि दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर ठेका धरतायत. मोठे ड्रम सुरू झाले तेव्हा माझ्या छातीत असं काही धडधडलं की मला आपला विशीतला घाम आठवला. एका बाईच्या सॉसेजवरचा मोहरीचा सॉस तिच्या नवऱ्याच्या शर्टावर पडला आणि तिकडे दोघांपैकी एकाचंही लक्ष गेलं नाही. तुमच्या ड्रमवाल्यांना सांग, याहून मोठी दाद मिळत नसते.

बाकांवर आमच्या मागच्या रांगेत नेमका ड्वेन. गुरांच्या बाजारात लिलाव पुकारून पुकारून त्याचा आवाज असा झालाय की त्याने कानात सांगितलेलं गुपितही पुढच्या गावी पोचावं. त्याची यंदाची गाऱ्हाणी तीच होती जी गेल्या वर्षी होती. मैदानावर वायरी फार झाल्या, पडदे आणि चौकटी फार झाल्या, पोरं वाजवतात कमी आणि लोळतात जास्त. पहिलं पथक आलं, त्यांचा निम्मा पोशाख शिंप्याकडून आलाच नव्हता, तर ड्वेन म्हणाला, ‘हे खेळ दाखवायला आलेत की पोहायला?’ त्यांची रांग मधे वाकडी झाली तेव्हा आर्लिस लगेच म्हणाली, ‘अजून जूनच आहे,’ म्हणजे हंगाम आत्ताच तर सुरू झालाय. आणि खरंच, त्या संध्याकाळी हे वाक्य मी सगळ्यांच्या तोंडी पाहिलं. कुणाची निशाणाची काठी हातातून पडली, जूनच आहे. एक गडी भलत्याच जागी जाऊन उभा राहिला, जूनच आहे. ऑगस्टमध्ये, शेवटच्या स्पर्धांना, हीच माणसं एका चुकीवरून रक्त काढतात, पण जूनमध्ये सगळे आईच्या मायेने बघतात. मला वाटतं, म्हणूनच मी ऑगस्टपेक्षा जूनला जास्त जातो.

मग तुमचं रिव्हर हेराल्ड्स पथक मैदानावर आलं. तुमचे ते मातकट रंगाचे कपडे बघून आमच्या पुढच्या रांगेतल्या बाईने नाक मुरडलं, तेव्हा आर्लिसने तिच्या पाठीकडे असं बघितलं की ती बाई वळली असती तर तिथेच भस्म झाली असती. तुम्ही सुरुवात केलीत आणि पहिल्या मोठ्या धमाक्याला सगळे बाक थरारले. बुडाखालच्या पत्र्यातून तो थरथराट थेट माझ्या दातांपर्यंत आला. ड्वेनने टोपी काढली. टोपी काढली की त्याला आवडलंय असं समजायचं, तोंडाने तो कधी कबूल करत नाही. पुढची बाई कपडे विसरली आणि उभी राहून नाचायला लागली. माझी छाती अशी फुगली होती की आर्लिसचं जॅकेट मला चढवलं असतं तर उरलेली बटणंही तुटली असती.

आणि मग तो संथ भाग. सगळे जिथल्या तिथे थांबले आणि तू एकटी मागून चालत मधोमध आलीस. आता मी जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगतो. तू ट्रम्पेट ओठाला लावलंस आणि खालपासून वरपर्यंत बाकांवरचे सगळे पुढे झुकले. लेमोनेडवाला चालता चालता पायरीवरच थबकला. पुढच्या बाईने नवऱ्याच्या दंडावर हात ठेवला. मागे वळून पाहिलं तर ड्वेनने डोळे मिटले होते. त्या ड्वेनने, ज्याला मी चर्चमध्येही डोळे मिटलेलं पाहिलेलं नाही. आर्लिसने माझा हात धरला होता आणि तुझा स्वर जसजसा वर जात होता तसतशी ती पकड घट्ट होत होती. मग एकदम तिची नखं माझ्या हातात रुतली, पुढच्या बाईने ओठ चावला आणि ड्वेनचे डोळे खाडकन उघडले. तुझा तो वरचा स्वर फुटला. लोकांचे चेहरे असे झाले, जसं आपलंच पोर सायकलवरून पडताना बघतायत. हसलं कुणी नाही, इंगे. मी पूर्ण बाकांवरून नजर फिरवली, एकही माणूस हसत नव्हता.

तू थांबली असशील ती एका श्वासापुरती. ट्रम्पेट खाली आलं, तुझे खांदे वर गेले, आणि तू ते परत ओठाला लावलंस आणि त्याच वरच्या स्वराला परत हात घातलास. हे तुला कुणी शिकवलं मला माहीत नाही. तालीम तशी नसणार, कारण तुमचा बाकीचा ताफा तुझ्यासाठी थांबला होता आणि पुढे उभं राहून ताल देणाऱ्या तुमच्या मेजरचे हात हवेत तसेच अधांतरी होते. आर्लिसच्या हाताची पकड हळूहळू सैल झाली. पुढची बाई रडायला लागली आणि नवऱ्याने तिला आपला रुमाल दिला, तोच, नंतर शर्टावरची मोहरी पुसलेला, कारण हे दोघं म्हणजे पार्किंगमधलं तेच जोडपं होतं. ड्वेन उभा राहिला. टाळ्या वाजवायची जागा नव्हती ती, पुढे अजून वाजवायचं होतं, आणि अशा जागी टाळ्या वाजवणाऱ्यांना हाच माणूस आयुष्यभर अडाणी म्हणत आलाय. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. नुसता उभा राहिला, आणि त्याच्या मागच्यांना दिसेना म्हणून तेही उभे राहिले.

शेवट तुमचा अजून बसवून झालेला नाही हे सगळ्यांना माहीत होतं. आधीच निवेदकाने तसं सांगितलं होतं. तुम्ही सगळे एका सुरावर थांबलात, आणि तो सूर असा की त्याच्यापुढे आणखी एक यायलाच हवा. तो न येताच मेजर वळला आणि त्याने सलाम ठोकला. मग जे झालं ते आपल्याच लोकांना सुचू शकतं. त्या बाकांवर निम्मे तरी जुने वाजवणारे, त्यांना असं अर्धवट सोडलेलं सहन होईना. कुणीतरी तो राहिलेला शेवटचा सूर गुणगुणायला लागलं, मग शेजारी, मग सगळी बाजू, खालच्यांनी खालचा धरला, बायकांनी वरचा. म्हाताऱ्या माणसांनी मिळून तुमचं गाणं पुरं करून दिलं. तुम्ही मैदानावरून वर बघत होतात ते म्हणूनच. मीही जोरात लावला. पुढची बाई वळून माझ्याकडे बघायला लागली आणि आर्लिसने मला कोपराने ढोसलं. माझा सूर कुठल्यातरी तिसऱ्याच गावाला चालला होता म्हणे.

तुम्हाला तिसरा नंबर दिला तेव्हा लोकांनी परीक्षकांच्या नावाने जी बोंब मारली ती मलाही ऐकू आली. पायऱ्या उतरताना ड्वेनने माझा खांदा धरून मला वळवलं आणि अगदी तोंडासमोर येऊन म्हणाला, ‘ती ट्रम्पेटवाली तुझी नात ना? स्वर फुटला तिचा.’ मी म्हटलं, ‘फुटला.’ तर म्हणाला, ‘मी चाळीस उन्हाळे बघतोय. फुटलेल्या जागी परत जाताना फार थोडी पोरं बघितली.’ एवढं बोलून टोपी घातली आणि गेला. आर्लिसचं मत हवं असेल तर ते असं, की तू तो सोलो दुसऱ्या कुणाला दिलास तर ती स्वतः आयोवाला येऊन तुझं ट्रम्पेट तुझ्या गळ्यात बांधेल. आणि हो, कोल्बी चांगला पोरगा आहे, तोही वाजवेल. मी त्याच्याबद्दल वाकडं बोलणार नाही.

स्पर्धा संपल्यावर तुमच्या बसपाशी मी थांबलो नाही, ते तुला लागलं असणार. तू लहान असताना शाळेतून आलीस की स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभी राहून वाजवायचीस. मी बटाटे सोलत असायचो आणि वर न बघता म्हणायचो, ‘परत.’ तू पाय आपटायचीस आणि परत वाजवायचीस. तुझी आई म्हणायची, पोरीचा छळ करतोस. पण तुला कळायचं की मी ‘परत’ म्हटलं नाही म्हणजे ते जमलं. घरात इतकी माणसं तोंडभर कौतुक करायची आणि तू मात्र त्या एका न म्हटलेल्या शब्दासाठी थांबायचीस. परवाही तू बसपाशी त्याचसाठी माझी वाट बघत होतीस, हे मला न बघताही दिसत होतं. म्हणून मी गाडीकडे निघालो.

आता ऐक. शनिवारी मला तुझा सोलो ऐकू आला नाही, इंगे. एक स्वरही नाही. ड्रम येतात, सगळी पितळी वाद्यं एकदम वाजली की तीही येतात, पण एकट्या ट्रम्पेटचं ते हळू, उंच वाजणं माझ्यापर्यंत पोचायचं बंद झालंय. डॉक्टर म्हणतात, ते परत येणार नाही. तरुणपणी कानाशी ड्रम बडवले त्याचं हे फळ. कानात घालायचं यंत्र आहे, ते गर्दीत नुसतं शिट्ट्या मारतं. फोनवर तुझा आवाज मला तुकड्यातुकड्यांत येतो, आणि तू विचारलंस तर मला खोटं बोलावं लागलं असतं. लोकांचं बोलणं म्हणून मी वर जे लिहिलंय त्यातलं ड्वेनचं तेवढं मी स्वतः ऐकलेलं, बाकीचं आर्लिसने माझ्या उजव्या कानात ओरडलेलं. तू मैदानावर उभी होतीस आणि मी ड्वेनच्या मिटलेल्या डोळ्यांकडे आणि आर्लिसच्या नखांकडे बघून तुझा सोलो वाचत होतो. म्हणून माझ्या मतावर तो सोडू नकोस आणि माझ्या मतावर ठेवूही नकोस, माझ्याकडे आता मतच नाही. तुझा निर्णय तू घे, रेन्फ्रो सरांचा त्यांना घेऊ दे. हे मी तुझ्यापासून लपवलं, कारण मला एकाच गोष्टीची भीती वाटत होती, की तुला कळलं तर तू म्हणशील, आता आजोबांसमोर वाजवून काय उपयोग. तसं करू नकोस. सप्टेंबरमध्ये घरी आलीस की स्वयंपाकघरात ये, समोर उभी राहा आणि वाजव. मी बटाटे बाजूला ठेवून तुझ्याकडे बघत बसेन.

‘परत’ म्हणायला अजूनही टपलेला, तुझाच,
आजोबा