तपकिरी थापट्या

१५ ऑक्टोबर २०१६, शनिवार

थापट्या दिसला! सिंगापुरात! क्रांजीजवळच्या तळ्यात, एकटाच. ती फावड्यासारखी चपटी चोच – दुसरं बदक असूच शकत नाही. अंगभर तपकिरी, म्हणजे मादी. बसमधूनच पुण्याला बाबांना फोटो धाडला.

उत्तर आलं – 'मेधा, छान नर आहे.'

नर? भिगवणला मला थापट्या दाखवला तो यांनीच! नराचं डोकं हिरवंगार, छाती पांढरी. शेंबडं पोरही सांगेल. मागे आई म्हणाली होती, "हल्ली यांना जरा विसरायला होतं गं. दूध आणायला गेले आणि पासबुक भरून आले." तेव्हा मी हसले होते. हसले!

१६ ऑक्टोबर

पुन्हा विचारलं. "बाबा, नीट बघा ना." – "नीटच बघितलंय. नरच आहे!" वर चिडले. हट्टीपणा हेही लक्षण असतं म्हणे. कुठेतरी वाचलं. वाचायला नको होतं.

१८ ऑक्टोबर

आईला मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला लावली. बाबांना सांगायचं, बीपी दाखवायला चाललोय. आई रडली. "तू इथे असतीस तर..." एवढंच बोलली. लॅबमध्ये दिवसभर काही सुचलं नाही. पोस्टडॉकचं संशोधन गेलं खड्ड्यात, सरळ घरी जावं का?

२२ ऑक्टोबर

परत तळ्यावर. शेजारी दुर्बीण लावून एक चिनी आंटी. फीमेल ना, म्हणून विचारलं. "नो लाह! मेल. आय सो येलो, सी? नाऊ वेअर ओल्ड क्लोद्स ओन्ली. क्रिसमस टाइम, ग्रीन हेड!"

डोळा पिवळा, म्हणजे नरच. वीण संपली की नरही मादीसारखे तपकिरी होतात. हिरवं डोकं थंडीत परत येतं. मी भिगवणला गेले ती दरवेळी नाताळच्या सुट्टीत. बाबा दिवाळीआधीही जायचे, पण तेव्हा मला शाळा असायची! बाबा बरोबर, मीच गाढव!

तिथूनच आईला फोन – डॉक्टर रद्द कर, बाबा ठणठणीत आहेत! "नक्की ना गं?" – शंभर टक्के! घराजवळचं क्वीन्सटाउन स्टेशन येईपर्यंत एमआरटीत वेड्यासारखी हसत होते.

३० ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. आईचा फोन. चकल्या बिघडल्याचं बोलली. बाबा झोपलेत म्हणाली, संध्याकाळी सातला! मी पुढे विचारलं नाही.

२५ डिसेंबर

डोकं हिरवंगार झालंय, छाती पांढरीशुभ्र. फोटो पाठवला. लगेच बाबांचा फोन.

"वा! तोच नर हा! काय रंग चढलाय!"

मग अगदी अदबीनं – "ताई, एक काम कराल? हा फोटो आमच्या मेधालाही पाठवा. सिंगापूरला असते ती."