अर्थ काढला

सोमवार, ३ तारीख

आलो एकदाचा! दोन बॅगा, एक मल्टिमीटर आणि सोल्डरिंगची पेटी, एवढाच माझा संसार. आयत्या बिळावर नागोबा म्हणायचं असेल त्याने खुशाल म्हणावं. मला वहिनीने स्वतःहून बोलावलंय. दुकान बंद पडून माझी नोकरी गेली, आणि इकडे दादाची वरची खोली वर्षभर धूळ खात पडली होती. वहिनी म्हणाली, भावजी, कुलूप लावून ठेवण्यापेक्षा घरचं माणूस राहिलेलं बरं.

खोली झकास आहे. पूर्वेला खिडकी, खिडकीखाली लांब टेबल, त्यावर दादाचा पसारा जसाच्या तसा. गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांतून रेझिस्टर, बरण्यांतून स्क्रू, भिंतीला टेकलेली गिटार, आणि कोपऱ्यात गिटारचा आवाज मोठा करणारा तो बैलासारखा जुना अ‍ॅम्प. दादा याच खोलीत गेला, गिटार मांडीवर असताना. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी काही घाबरत नाही. सख्ख्या भावाला काय घाबरायचं?

बदल्यात वहिनीने एकच काम सांगितलंय. दादाने घरी बनवलेलं एक पेडल आहे, ते बंद पडलंय. एकोणीस तारखेला त्याला जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी तिला त्यातून एकदा सूर ऐकायचाय. मी म्हटलं, हात्तिच्या, दोन दिवसांचं काम!

मंगळवार, ४

पेडल म्हणजे पायाने दाबायची पत्र्याची डबी. एका बाजूने गिटारचा सूर आत घालायचा, की दुसऱ्या बाजूने तोच सूर पुन्हापुन्हा परत येतो, विहिरीत हाक मारल्यासारखा. दादाने तिला नाव दिलं होतं ‘नक्कल्या’.

झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला. हे सोल्डरिंग आहे की कबुतरं बसून गेलीत? आणि याचंच कौतुक सगळ्या गोतावळ्यात! मी पंधरा वर्षं रीतसर रिपेअरिंग केलं, पण आई शेवटपर्यंत म्हणायची, हात असावेत तर थोरल्यासारखे. असो. गेलेल्या माणसाशी कसली बरोबरी.

सिग्नल पायरीपायरीने शोधला. इनपुटला आवाज आहे, पहिल्या ट्रान्झिस्टरला आहे, दुसऱ्याला गुडुप. ड्राय सोल्डर! पाय नुसता टेकलेला, चिकटलेला नाही. एक टाका दिला आणि नक्कल्या बोलायला लागला. एका नॉबखाली दादाने ‘काळ’ असं लिहिलंय. तो फिरवला की परतीचा आवाज उशिरा येतो. गंमत म्हणजे हा नॉब कुठे अडतच नाही. मी तासभर गरागरा फिरवत बसलो होतो.

गुरुवार, ६

वहिनी आज दवाखान्यातलं काम आटपून लवकर आली आणि दादाची वही घेऊन वर आली. शेवटच्या पानावर, तो गेला त्याच दिवशीची नोंद: ‘धाकट्याशी बोललो. अर्थ काढला.’ वर्षभर ती या दोन वाक्यांवर जगतेय. म्हणाली, शेवटी शेवटी ते फार गप्प असायचे, कशाचा अर्थ काढला असेल हो? तुम्ही काय सांगितलंत त्यांना? मी म्हटलं, नीटसं आठवत नाही, असंच काहीतरी आयुष्याबद्दल बोललो असू. ती रडली. म्हणाली, तुमच्यामुळे ते शांत मनाने गेले.

खोटारडा आहे मी. निदान इथे तरी खरं लिहितो. अर्थ म्हणजे अर्थिंगची वायर. दादाने फोन केला होता की अ‍ॅम्प फार गुणगुणतो, काय करू. समोर गिऱ्हाईक खोळंबलेलं, आणि दादाच्या छंदांचा मला आधीच वैताग. मी म्हटलं, मागची हिरवी वायर म्हणजे अर्थ, ती काढून टाक, गुणगुण थांबेल. आणि थांबते, खरंच थांबते. पण ट्रान्सफॉर्मर आतून लीक असेल तर वीज अ‍ॅम्पच्या पत्र्यावर येते, पत्र्यावरून गिटारच्या तारांवर, आणि तारांवर वाजवणाऱ्याचा हात असतो. कामाच्या पहिल्या महिन्यात शिकवतात हे. मला ठाऊक होतं, सांगायचा कंटाळा केला. डॉक्टरांचं ‘हृदय’ ऐकलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

शुक्रवार, ७

अ‍ॅम्प उघडला. हिरवी वायर काढलेली, टोकाला टेप, अगदी निगुतीने गुंडाळलेली. मोठा भाऊ असून किती मुकाट्याने ऐकलं माझं! वायर परत जोडली, मागचं झाकण दोन स्क्रूंवर बसवलं. लगेच गुणगुण सुरू. ट्रान्सफॉर्मर खराबच आहे, बदलायला हवा. पण बदलला तर वहिनी विचारणार, काय बिघडलं होतं, कधीपासून? या घराबाहेर मला थारा नाही. राहू दे. अर्थ जागेवर आहे तोवर धोका नाही.

सोमवार, १०

सकाळी टेबल पुसताना मी शिंकलो होतो. जेवून वर आलो तर नक्कल्यातून शिंक आली. माझीच. गिटार जोडलेली होती, आणि तिच्या तारांखालचे जुने पिकअप माणसाचा आवाजही पकडतात, मान्य. पण चार तासांनी? नक्कल्याच्या चिपमध्ये सेकंदभराचा आवाजही मावत नाही. ‘काळ’ उलटा फिरवून पाहिला. फरक नाही. मंगळवारी किती फिरवला होता ते मोजलं नव्हतं.

बुधवार, १२

आज गेल्या गुरुवारचं बोलणं आलं. वहिनीचं रडणं. मग माझा गोड आवाज, आयुष्याबद्दल बोललो असू म्हणणारा. शी! असा बोलतो मी? बॅटरी काढून खिशात टाकली. गिटारची वायर उपटली. तरी बोलणं संपेपर्यंत डबी थांबली नाही.

शुक्रवार, १४

आता मी यायच्या आधीचं येतंय. वहिनी या खोलीत एकटी बसून दादाशी बोलायची, मला हे माहीत नव्हतं. दर थोड्या वेळाने एकच प्रश्न विचारायची. कशाचा अर्थ काढलात, मला नाही का सांगायचा?

मी कानात बोळे घालून बसलो.

रविवार, १६

डबीतून पुष्कळ माणसांचे आवाज. कोणीतरी म्हणतंय, पायाकडून धरा. डॉक्टरांचा आवाज, हृदय म्हणणारा. म्हणजे मागे मागे जात — अजून काही तास मागे गेलं की —

सोमवार, १७

दादा खोकला.

शीळ घालत होता. स्क्रू पडला, शिवी हासडली. अगदी तोच. वर्षापूर्वीची सतरा तारीख, तासाला तास जुळतोय. आता नक्कल्या आणखी मागे सरकत नाही, आपल्या दिवसाच्या चालीने चाललाय. परवा चार वाजता तो फोन करणार.

आणि दादाच्या हातात कायम सोल्डरिंग गन असायची. फोन नेहमी स्पीकरवर.

मंगळवार, १८

हातोडा उचलला होता. त्याच वेळी डबीतून दादाने जिन्याकडे हाक मारली, अगं, माझा चष्मा कुठाय? आणि वहिनी खालून धावत वर आली. ओ देऊनच आली. जमिनीवर बसली, हसली, रडली, डबीवरून हात फिरवला. वर्षभरात तिचा असा चेहरा पाहिला नव्हता. माझ्या हातात हातोडा कशाला, तेही तिने विचारलं नाही.

तिने शेजाऱ्याला बोलावून अ‍ॅम्प, गिटार, नक्कल्या, सगळं खाली नेलं. मी म्हटलं, हे चांगलं लक्षण नाही, टाकून देऊ. ती म्हणाली, स्वतःच्या माणसाला काय भ्यायचं भावजी? उद्या ते तुमच्याशी बोलतील ना? मग कळेल मला, कसला अर्थ.

आता सांगावं का? चोराच्या मनात चांदणं. सकाळी सांगेन.

बुधवार, १९

नाही सांगितलं. ताप आहे म्हणालो, वरच पडून आहे. वही घेतलीय, हाताला काहीतरी हवं.

साडेतीन. वहिनी रजा घेऊन बसलीय, त्याच्यासारखी गिटार मांडीवर घेऊन. अ‍ॅम्प मोठा केलाय, गुणगुण जमिनीतून पायाला लागते. जिन्यातून तिने विचारलं, या गुणगुणीत त्यांचे शब्दच कळत नाहीत, काही करता येईल का? मी म्हटलं, नाही, तो तसाच आहे.

पावणेचार. गुणगुण वाढतेय. वाढो. काही कळू नये तिला.

चार. रिंग.

दादा विचारतोय, गडबडीत आहेस का रे?

मग मी. बोल लवकर. माझा आवाज कसा काय इतका स्वच्छ — दादाचा अर्धा बुडतो, माझा एक शब्द बुडत नाही — मागची हिरवी वायर म्हणजे अर्थ, काढून टाक, गुणगुण थांबेल —

संपलं. खाली सामसूम. आता वर येईल. येऊन तोंडावर थुंकेल.

येत नाही. ड्रॉवर उघडला. काय शोधतेय?

स्क्रू. एक पडला. अरे देवा, तिला वाटतंय मी तिलाच सांगतोय — शब्द ऐकू यावेत म्हणून — झाकण दोनच स्क्रूंवर आहे, मीच —

हाक मारतो. पण काय म्हणून? वायर का काढू नको, विचारलं तर? उठतो. उठलोच. एवढं वाक्य पुरं करून —

गुणगुण थांबली.

वहि