फेट्याचं दुसरं टोक

शिनोली, मंगळवार संध्याकाळ, मे १९९७

लग्नात फेटे बांधून आत्ताच आलोय. जेवलो नाही.

फेटा बांधायचा तर कापडाचं दुसरं टोक कुणीतरी ताणून धरावं लागतं. दरवेळी ते माझा धाकटा भाऊ बबन धरतो. परवा फौजदारांनी त्याला उचलून नेलं. मुंबईच्या टोळीतला सदा इकडं कुठं लपलाय, एवढंच विचारत कोठडीत मारतायत. बबनला ते ठाऊकच नाही.

आणि आज मांडवात मानाच्या खुर्चीवर तोच सदा बसलेला, लोक नाव घेऊन नमस्कार करत होते. शेजारच्या खुर्चीवर फौजदार.

"टोक धरायला कोणी नाही का? आणा इकडं," म्हणत फौजदारच उठले. त्यांनी टोक धरलं आणि मी सदाच्या डोक्याला वेढे देत गेलो. काय करणार होतो? बांधला. चांगला घट्ट बांधला.

सदा म्हणाला, "लई भारी बांधता राव. एकटंच असता का?"

"भाऊ असतो. आज न्हाई आला."

फौजदारांनी माझ्याकडं पाहिलं नाही. टोकही सोडलं नाही, तुरा काढून फेटा पुरा होईपर्यंत.

उद्या डबा घेऊन जायचंय. बबन पहिलं हेच विचारणार, काल टोक कुणी धरलं व्हतं?