पटावरची एकविसावी

३ जुलै, सोमवार
अखेर रुजू झाले! गुणवत्ता यादीत तिसरी आलेल्या बाईच्या वाट्याला ही शाळा यावी, पण असो. नोकरी ती नोकरी, आज मी खुशीत आहे. दोन वर्ग, एक ऑफिस आणि एक कुलूपबंद संगणक-कक्ष. कुलूप का, तर संगणक आलेत, वीज यायचीय. मंजूर झालीय म्हणे, दोन वर्षांपूर्वी. भिंतीवर हातभर अक्षरांत ‘ज्ञान हिच शक्ती’. ‘हि’ ऱ्हस्व. मुख्याध्यापकांना सगळे मोठे सर म्हणतात, मोठेपण पोटापुरतंच. मला बघून त्यांनी खुर्चीतून उठायचा विचार केला आणि सोडून दिला. घंटा शिपाईमावशी देतात, जेवण त्याच शिजवतात, आणि सरांचा डोळा लागला की तिसरीचं गणितही त्याच घेतात. मुलं वीस, चुणचुणीत. शाळेमागेच मला खोली मिळालीय.

६ जुलै, गुरुवार
नियम कळला. दुसऱ्या शिक्षकासाठी पटावर एकवीस मुलं लागतात. एक जरी कमी भरलं तर दुसरं पद, म्हणजे मी, रद्द. मग एकट्या सरांच्या जिवावर शाळा कशी चालणार, म्हणून ती सात किलोमीटरवरच्या शाळेत विलीन. हा आकडा ज्या विद्वानाने काढला, त्याला चार इयत्ता एका खोलीत कोंडून द्यायला हव्यात. पुढच्या शुक्रवारी अधिकारी डोकी मोजायला येणार. सर म्हणाले, बाई, एक नाव वाढवा, सगळीकडे वाढवतात. त्या दिवशी पोरगी आजारी आहे म्हणून सांगू. मी त्यांना चार शब्द सुनावले. त्यांनी ते जांभई देत ऐकले.

१० जुलै, सोमवार
लिहिलं नाव. हो, मीच. पद माझं जाणार होतं, सरांचं नव्हे. मुलगी, इयत्ता दुसरी. ओळखीची खूण : डाव्या भुवईवर व्रण. वडिलांच्या रकान्यात रेघ. आईचं नाव सुचेना, म्हणून माझंच ठोकून दिलं. पत्ताही माझ्याच खोलीचा. वाचतोय कोण? त्या ऑफिसात कुणाला वाचता येत असतं, तर संगणकाआधी वीज आली असती.

११ जुलै, मंगळवार
हजेरी घेताना ओघात तिचंही नाव तोंडून गेलं. शेवटच्या बाकावरून ‘हजर’ आलं. सात-आठ वर्षांची मुलगी. डाव्या भुवईवर व्रण. म्हटलं, वा, मोठ्या सरांनी कुणाची तरी भाची आणून बसवली, तीही व्रणासकट! या माणसाला एवढी मेहनत झेपते? विचारायला गेले, तर त्यांना वाटलं मीच आणली. मला शाबासकी देऊन परत डोळे मिटले.

१२ जुलै, बुधवार
मुलं एकविसावीजवळ बसत नाहीत. मावशींनी तिचं ताट लांबूनच सरकवलं. त्या म्हणाल्या, बाई, इथलं घरन् घर मला माहीत आहे, ही कुणाचीच नाही. मी तिला बोलावून घेतलं. नाव, जन्मतारीख, इयत्ता घडाघडा म्हणाली. मी पटावर लिहिलं तेवढंच, त्याच क्रमाने. मग विचारलं, तुला काय आवडतं? ती माझ्या पेनाकडे बघत राहिली. मी लिहायची वाट बघत.

शाळा सुटल्यावर मागोमाग आली. माझ्या दारात थांबून हात पुढे केला. म्हणाली, “आई, किल्ली.”

१४ जुलै, शुक्रवार
अधिकारी आला. एकवीस डोकी मोजली, एकही चेहरा न बघता सही ठोकली. पद वाचलं. सरांनी पेढे वाटल्यासारखं तोंड केलं.
ती परवापासून माझ्या खोलीत आहे. खात नाही. झोपत नाही. भिंतीला टेकून बसते, माझ्याकडे बघते.

१५ जुलै, शनिवार
बाहेर काढून कडी लावली. वळले तर आत. पत्ता तोच ना तिचा —
सरांना सगळं सांगितलं. म्हणाले, बाई, शाळेत आहे तोवर माझी जबाबदारी, घरचं तुमचं तुम्ही बघा. थू असल्या माणसावर. आणि माझ्यावरही.

१७ जुलै, सोमवार
नाव कमी करायचं. कारण द्यावं लागतं. बदली लिहावी, तर नवा पत्ता लागतो. माझ्याशिवाय हिला पत्ता कुठला? दुसरं कारण रजिस्टरात छापलेलंच आहे. लिहिलं — मृत. दोन अक्षरं.
ती शेजारीच उभी होती. ओठ निळे पडले. खाली पडली नाही. हात माझ्या हातावर ठेवला, बर्फ नुसता. म्हणाली, “आई, कशानं?”
मी पळाले.

१८ जुलै, मंगळवार
हजेरीत तिचं नाव घेतलं नाही. तरी ‘हजर’ — निळ्या ओठांनी —
मुलं दप्तरं टाकून पळाली. मावशी त्यांच्या मागे. सर सगळ्यांच्या पुढे, आयुष्यात पहिल्यांदा.
ऑफिसात मी आणि ती. दार उघडत नाही. माझं पेन तिच्याकडे, मी हे पेन्सिलीने —
शिक्षकांचं हजेरीपत्रक काढलंय तिने. माझ्या नावापुढे लिहिलं. माझ्याच अक्षरात. तीच दोन —
छाती गार पडत चाललीय. ती वर बघून विचारतेय, आई, कशानं ते सांग ना, रकाना रि